तुम्ही विचारलंत म्हणून: हिटलरचं तोंड माझ्या जर्मन टपाल-तिकिटांच्या अल्बममध्ये कशाला?

प्रश्न तीन तऱ्हांनी येतो. ‘जर्मन तिकिटांशी आपला संबंध काय?’ ही पहिली. ‘याचे किती येतील?’ ही दुसरी. आणि तिसरी, आवाज जरा खाली आणून: ‘पण हिटलरची तिकिटं? ती लोखंडी पदकं? घरात?’ पहिल्या दोन्हींची उत्तरं सोपी आहेत, ती आधी उरकतो. तिसऱ्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. दिलं तर ते पोचत नाही, म्हणून हे लिहितोय.

संबंध आहे. पहिल्या महायुद्धात भारतातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना इंग्रजांनी अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) छावणीत ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच: आधी अहमदनगर, मग देवळाली, मग डेहराडून. तिथून निघालेली, सेन्सॉरचे शिक्के बसलेली पत्रं हा जर्मन टपाल-इतिहासाचा भाग आहे आणि आपल्याही. आझाद हिंदची तिकिटं तर १९४३ साली बर्लिनच्या सरकारी छापखान्यात, राइशड्रुकेराईत, छापली गेली. त्यांचं चित्रांकन वेर्नर आणि मारिया फॉन आक्स्टर-हॉयटलास यांचं. दातेरी आणि बिनदात्यांची अशी दोन्ही मिळतात, पण टपालात ती कधी वापरात आलीच नाहीत. त्यामुळे ‘आझाद हिंदचं तिकीट लावून टपालाने आलेलं पाकीट’ कुणी दाखवलं, तर ते खोटंच, किंमत विचारायचीही गरज नाही.

किमतीचं म्हणाल तर हिटलरचा चेहरा असलेली १९४१ नंतरची रोजच्या वापराची तिकिटं प्रचंड संख्येने छापली गेली. ती कवडीमोल आहेत. ‘जुनं आणि जर्मन’ म्हणजे मौल्यवान, हा समज सोडा. उलटं कुठे होतं ते १९२३ मध्ये, जर्मन मार्कची किंमत रोज कोसळत होती तेव्हा, बघा. त्या वर्षी १५ जानेवारीला देशांतर्गत साध्या पत्राचा दर ५० मार्क झाला, १ ऑगस्टला १,००० मार्क, १ ऑक्टोबरला २० लाख, १ डिसेंबरला १०० अब्ज. सर्वांत मोठं तिकीट निघालं ५० अब्ज मार्कांचं. दर काही दिवसांत बदलत होते, म्हणून बरीच तिकिटं वापरली जाण्याआधीच निरुपयोगी झाली आणि कोऱ्या साठ्यात पडून राहिली. परिणाम असा, की कोरं तिकीट स्वस्त आणि त्या मोजक्या दिवसांत खरोखर शिक्का बसलेलं तेच तिकीट कित्येक पट महाग. मग खोटे शिक्के आलेच. काही शिक्के तर अस्सल टपाली ठशानेच, पण मागची तारीख घालून मारलेले.

पाकीट वाचताना एक गोष्ट हमखास चुकते. २६ नोव्हेंबर १९२३ ला पत्राचा दर २० अब्जांवरून ८० अब्ज झाला, नवी तिकिटं छापायला वेळ नव्हता, म्हणून ३० तारखेपर्यंत असलेलीच तिकिटं छापील रकमेच्या चौपट किमतीला विकली गेली. २७ तारखेचा शिक्का आणि बेरीज फक्त २० अब्ज दिसली की लोक ‘दर जुळत नाही, खोटं असणार’ म्हणून पाकीट बाजूला टाकतात. ते पाकीट बरोबर असतं. अशा मालावर ‘इन्फ्ला बर्लिन’ या संग्राहक संघटनेच्या किंवा बीपीपी या परीक्षक संघाच्या तज्ज्ञाची मागच्या बाजूची खूण पाहायची. बीपीपीची खूण तिकिटाच्या तळाशी असेल तर माल निर्दोष. खूण जितकी वर, तितका दोष मोठा. आणि ती खूणही खोटी मारतात, म्हणून महाग वस्तूला छायाचित्रासह लेखी प्रमाणपत्र हवंच.

आता तिसरा प्रश्न.

पूर्वी माझं ठरलेलं उत्तर असे: तिकीट म्हणजे कागद, डिंक आणि शाई, कागदाला पाप लागत नाही. ते उत्तर मला आता पुरं पडत नाही, कारण हा कागद निरागस नव्हता. १९३८ ते १९४२ या वर्षांत हिटलरच्या वाढदिवसाला जे तिकीट निघे त्याच्यावर ‘१२+३८’ असं छापलेलं असे. १२ फेनिग (शंभर फेनिगांचा एक मार्क) हा परगावच्या साध्या पत्राचा दर. वरचे ३८ फेनिग त्याच्या ‘संस्कृती निधी’साठी. पत्र १२ फेनिगांत जात असताना लोक टपालखर्चाच्या तिपटीहून जास्त रक्कम वर मोजत होते, तीही त्याच्या नावाच्या निधीला. त्यात उत्साह किती आणि धाक किती, हे तिकिटावरून ठरत नाही. पण पैसे वसूल करण्याचं साधन हा कागदच होता. त्यामुळे ‘फक्त कागद’ म्हणणाऱ्या जुन्या मला मी आज गप्प बसवतो.

मग तो अल्बममधून काढून का टाकत नाही? त्याचं कारण १९४५ चा मे महिना.

८ मेला जर्मनीची शरणागती झाली. पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात टपाल पुन्हा सुरू करायचं होतं. लोक एकमेकांना शोधत होते, जिवंत आहोत एवढं कळवायला पत्राशिवाय दुसरं साधन नव्हतं. आणि टपाल कचेऱ्यांच्या कपाटांत तिकिटं होती ती फक्त हिटलरच्या चेहऱ्याची. छापखाने बंद, कागद नाही. तेव्हा मार्ग काढला गेला तो असा: चेहरा ओळखू येणार नाही इतका काळा करा आणि तिकीट विका. गावोगावच्या कचेऱ्यांत कारकुनांनी हाताला येईल ते वापरलं. बाटलीचं बूच, रबराचा तुकडा, लाकडी ठोकळा, ब्रश. कुठे गोल डाग, कुठे चौकोन, कुठे नुसते फराटे. या तिकिटांना ‘झेक्सिशे श्व्हेर्त्सुंगेन’ म्हणतात, म्हणजे सॅक्सनीतली काळी केलेली तिकिटं. मे-जूनच्या काही आठवड्यांपुरतंच हे चाललं. २३ जूनला ड्रेस्डेनने १२ फेनिगचं नवं लाल तिकीट काढलं, त्याच्यावर ‘टपाल’ हा शब्द रशियन लिपीत होता, आणि ते त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. तिकडे व्हिएन्नाने त्याआधीच, २ मेला, ५, ६, ८ आणि १२ फेनिगच्या त्याच तिकिटांवर ‘ऑस्ट्रिया’ असं जर्मनमध्ये छापून ती चालवली होती.

पत्राचा दर मात्र तोच राहिला, १२ फेनिग. १९३८ चं वाढदिवसाचं तिकीट आणि १९४५ चं काळं तिकीट शेजारी ठेवा. सात वर्षांत तोच चेहरा, तोच दर, आणि कदाचित तोच कारकून. हे कुठल्याही भाषणापेक्षा मला जास्त सांगतं. पण काळ्या डागाखाली कोण आहे हे पाहणाऱ्याला माहीत नसेल तर तो डाग नुसता डाग आहे. खालचं तिकीट फेकून वरचं ठेवता येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आणि नेमक्या याच तिकिटांत फसवणूक सर्वांत जास्त. मूळ तिकीट कवडीमोल, शाई आणि बूच घरोघरी. म्हणून काळं तिकीट सुटं घेऊ नये, पूर्ण पाकिटावरच घ्यावं, आणि तेही असं तपासून. आधी क्रम बघायचा: काळा रंग खाली आणि टपालाचा शिक्का वर असायला हवा. तीसपट भिंग आणि तिरपा उजेड घ्या. शिक्क्याची तेलकट शाई मंद काळ्यावर किंचित चकाकते. रंग शिक्क्याच्या रेघांवर चढून त्या बुजवत असेल तर चेहरा नंतर कुणीतरी काळा केलाय. मग कडा बघायच्या. तिकिटं सबंध पानावरच काळी केली असतील तर डाग शेजारच्या तिकिटावर जाईल, पाकिटावर उतरणार नाही. (लोकांनी आधीच चिकटवलेल्या तिकिटांचा चेहरा खिडकीवर काळा केला असेल तर उतरू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.) डागाचा आकार त्या गावच्या माहीत असलेल्या हत्याराशी जुळतो का, शिक्क्याची तारीख त्या आठवड्यांतली आहे का, तेव्हा ती कचेरी उघडली होती का, हे ताडून पाहायचं. शेवटी अतिनील दिवा. कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात सर्रास आलं युद्धानंतर. तिथे विषय संपला. या सगळ्यातून पार पडलेली पाकिटंही अनेकदा तेव्हाच्या तिकीटविक्रेत्यांनी मुद्दाम स्वतःलाच पाठवलेली असतात. ती खरी आहेत, पण शेजारणीने बहिणीला लिहिलेल्या पत्राची सर त्यांना नाही.

पदकांबद्दल थोडक्यात. आयर्न क्रॉस हे लष्करी पदक १८१३ चं, प्रशिया या जर्मन राज्याचं. १८७०, १९१४ आणि १९३९ ला तो पुन्हा सुरू केला. १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस तीन भागांचा असतो: मधे लोखंडी गाभा, त्याला दोन बाजूंनी चौकटीचे दोन अर्धे डाखलेले. कडेला तो सांधा दिसायला हवा. एकसंध ओतीव असेल तर नक्कल. लोहचुंबक गाभ्याला बहुधा धरतो. धरला नाही तरी लगेच खोटं म्हणू नका, लोखंडाविना गाभ्याचे अस्सल नगही आहेत. १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत १९३९ ची पदकं स्वस्तिकाविना घालायला परवानगी मिळाली, म्हणून मधे ओकची तीन पानं असलेला क्रॉस हा १९५७ नंतरचा. त्याची किंमतही तशीच. एसएसची, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाची, चिन्हं मी घेत नाही. त्यांत नकलांचा सुळसुळाट आहे हे एक कारण, पण तेवढंच नाही. ती हौसेने मागणारी गिऱ्हाइकं कोण असतात हे मला दिसतं.

इथे माझी बाजू लंगडी पडते, हे मान्य करतो. छळछावणीतून आलेलं पत्र, नियमांची यादी छापलेल्या फॉर्मवर लिहिलेलं, ते मी घ्यावं का? थेरेसिएनश्टाटला, ज्यूंना डांबलेल्या छावणीत, पार्सल पाठवायला १९४३ पासून लागणारं परवाना-तिकीट घ्यावं का? ‘मी नाही घेतलं तर दुसरा घेईल’ हा बचाव मी केलाय आणि तो मला पटत नाही. ‘संग्रहालयात द्यावं’ म्हणावं, तर संग्रहालयापर्यंत न पोचता रद्दीत जाणारं पत्र कुणीतरी आधी ओळखावं लागतं. जर्मनीत अशी चिन्हं उघड मिरवायला दंडसंहितेच्या कलम ८६ अ ने बंदी आहे, अभ्यास आणि इतिहासाला सूट आहे. इथे तशी रेषा कुणी आखून दिलेली नाही, ती ज्याची त्याने आखायची. माझी वर्षागणिक सरकते.

तुमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत असं काही असेल तर पाकिटावरून तिकीट कापू नका, मार्केट त्या तारखेच्या शिक्क्याला आहे. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पावसाळ्यात ते घाम धरतं. डिंक सुटून चिकटू नये म्हणून पानांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, पारभासक) कागद घाला, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरा. सुटं तिकीट पाण्यात घालण्याआधी विचारा. फक्त १९३५ चा क्योनिग्सबेर्गच्या ‘ओस्ट्रोपा’ प्रदर्शनाचा ब्लॉक (तिकिटांचं छोटं छापील पान) असेल तर उलट आहे: त्याच्या डिंकात गंधकाम्ल आहे, ते कागद तपकिरी करून भुगा करतं, म्हणून तो डिंक जाणकाराकडून धुऊनच घ्या.