काळ्या पल्ल्यातली रेघ

कॅटलॉगच्या शूटला आलेला साइडबोर्ड, म्हणजे बुटकं लांब कपाट, काळा कुळकुळीत होता. सहा फूट लांब, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, हाय ग्लॉस, म्हणजे आरशासारखी चमक. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओत पॅकिंग उतरलं आणि दोन्ही पल्ल्यांत अख्खा स्टुडिओ हजर झाला: पंखे, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारे लाइटचे डबे), माझा पिवळा शर्ट. कारखान्याच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, "सर, रिफ्लेक्शन अजिबात नको."

काळा रंग अंगावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. कॅमेऱ्यात येतो तो पॉलिशच्या थरावरून परतलेला, आणि तो ज्या कोनात आला त्याच कोनात परततो. म्हणजे काळ्या ग्लॉसचा फोटो काढताना आपण खरं तर त्याच्यासमोर काय ठेवलंय त्याचाच फोटो काढत असतो.

मालकांच्या शब्दाखातर आधी लेन्सवर पोलरायझर लावला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (पोलराइझ झालेला) प्रकाश अडवू शकणारा फिल्टर. वरच्या फळीकडे तिरकं बघून, लंबापासून साधारण 56 अंशांवर, फिल्टर फिरवला आणि चमक विझली. समोरून बघितलेल्या पल्ल्यांवर मात्र ढिम्म फरक नाही. सरळ समोरून परतणारा प्रकाश पोलराइझ होतच नाही. विझलेली फळी रबरी मॅटसारखी दिसत होती. ती बघून मालक स्वतःच म्हणाले, "हे आमचं पॉलिश वाटत नाही हो."

मग कॅमेरा डावीकडे नेऊन तिरका अँगल धरला. आता पल्ल्यांना उजवी बाजू दिसत होती. नेमकी किती, ते बघायला असिस्टंट टॉर्च घेऊन तिथून सावकाश चालला. टॉर्चचा ठिपका पल्ल्याच्या एका कडेला आला तिथे फरशीवर टेप, दुसऱ्या कडेला आला तिथे दुसरी. त्या दोन टेपांच्या मध्ये ट्रेसिंग पेपरची उंच फ्रेम उभी केली आणि मागून, एका टोकाशी, लाइट दिला. बाकी सगळीकडे काळं कापड. पल्ल्यांवर उजेड एका बाजूने अलगद उतरत अंधारात गेला. मला चित्र आवडलं होतं.

टेंपोबरोबर आलेले पॉलिशवाले काका मात्र मॉनिटरसमोरून हलेनात. "छान आहे, पण यात माझं काम कुठे दिसतंय? आम्ही पॉलिश झालं की त्यात ट्यूबलाइट बघतो. ट्यूब सरळ दिसली तर हात बरोबर बसला, वाकडी दिसली तर पुन्हा घासायचं."

किती बरोबर होतं ते! नुसता मऊ उजेड पॉलिशमधले उंचसखलपणे लपवतो. सपाटपणा दाखवायला सरळ कडच लागते. आम्ही ट्रेसिंग पेपर थोडा वर गुंडाळला आणि त्याच्या खालच्या कडेमागे काळं कापड ताणलं. दोन्ही पल्ल्यांतून एक धारदार रेघ गेली. प्रतिबिंबाचा फोकस लाकडाच्या पृष्ठभागाच्या बराच मागे असतो, म्हणून रेघ आणि लाकूड दोन्ही फोकसमध्ये धरायला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ 16 पर्यंत लहान केलं.

रेघ दोन पल्ल्यांच्या सांध्यावर तुटत होती. डोळ्यांना पल्ले एका पातळीत वाटत होते, पण काकांनी बोटसुद्धा न लावता सांगितलं, "उजवा पल्ला आत गेलाय." त्यांनी पल्ला उघडून बिजागरीचा स्क्रू जरासा फिरवला, पल्ला लावला, मॉनिटरकडे पाहिलं, परत फिरवला. रेघेची दोन टोकं जुळली तेव्हा मी बटण दाबलं.

मालकांनी ती रेघ तशीच ठेवायला सांगितली. पितळी नॉबचं काम तेवढं एडिटिंगला उरलं, कारण धातूवर पोलरायझर चालत नाही आणि त्या फुगीर गोलात फ्रेमबाहेरची सगळी खोली शिरते.