पॅन्टेलेरिया : समुद्राकडे पाठ केलेले बेट

पॅन्टेलेरिया हे इटलीचे बेट असले, तरी सिसिलीपेक्षा ते ट्युनिशियाच्या किनाऱ्याला अधिक जवळ आहे. ८३ चौरस किलोमीटरच्या या ज्वालामुखीय बेटावर ना नदी आहे, ना वाळूचा किनारा. चहूबाजूंनी समुद्र असूनही येथील लोक मासेमारीपेक्षा शेतीतच अधिक रमले, हे आम्हाला सप्टेंबरातल्या मुक्कामात पावलोपावली जाणवले.

येथे खरी सत्ता वाऱ्याची आहे. नाशिककडे मांडवावर चढवलेला द्राक्षवेल पाहिलेल्या माणसाला येथील झिबिब्बो द्राक्षांची झुडपे खुरटलेलीच वाटतील. प्रत्येक झुडूप वाऱ्यापासून वाचावे म्हणून जमिनीत खोलगट आळे करून लावलेले असते आणि तोडणी करणाऱ्याला अक्षरशः दुमडून बसावे लागते. या लागवडपद्धतीला २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. काही ठिकाणी तर संत्र्या-लिंबाच्या एकेका झाडाभोवती काळ्या दगडांची उंच गोल भिंत, तीही चुन्याशिवाय, रचलेली दिसते. एका झाडासाठी एवढा खटाटोप! ‘दाम्मुसो’ या जाड भिंतींच्या घरांची छपरे घुमटाकार असतात, कारण त्यांवर पडणारे पावसाचे पाणी हौदात उतरवायचे असते. राहायला असेच घर घ्यावे; मात्र पाणी जपून वापरावे.

ज्वालामुखी शांत असला, तरी विझलेला नाही. फावारा ग्रांदे येथे खडकांच्या भेगांतून गरम वाफ निघते. पूर्वी गुराखी तिच्यावर झुडपांच्या फांद्या ठेवून थेंब थेंब पाणी मिळवीत. स्पेक्क्यो दि वेनेरे या सरोवराच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत आणि तेथला चिखल अंगाला फासणाऱ्यांची गर्दी असते. आम्हाला सरोवरापेक्षा वरची वाट अधिक आवडली.

सिसिलीतील त्रापानी किंवा पालेर्मोहून विमान मिळते. त्रापानीहून बोटही आहे, पण वारा चढला की ती रद्द होते, म्हणून परतीच्या पुढच्या विमानाआधी एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. बेटावर फिरण्यासाठी गाडी भाड्याने घेणे सोयीचे. पोहायला उतरताना पायांत रबरी बूट हवेत, कारण लाव्हाचा खडक धारदार असतो. केपर या झुडपाच्या, मिठात मुरवलेल्या कळ्या घरी आणाव्यात, परंतु पाण्यात भिजवून मीठ काढल्याखेरीज त्या कशातही घालू नयेत.