आंब्यावरचे बांडगूळ आणि फुलटोच्या

फेब्रुवारीत गोव्यातल्या मोलेमहून साकोर्ड्याच्या रस्त्याने तांबडी सुर्लाला पोचलो, तेव्हा कदंबकालीन महादेव मंदिराच्या दगडावर अजून ऊन उतरले नव्हते. पहिले दोन दिवस मी शिंजिरांच्या, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांच्या, आवाजामागे कॅमेरा घेऊन धावण्यात घालवले होते आणि हाती हलणाऱ्या पानांच्या फोटोंखेरीज फारसे काही लागले नव्हते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पक्ष्याचा पाठलाग सोडून त्याच्या ताटाशी जाऊन बसायचे ठरवले.

ते ताट गावाजवळच्या एका कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला, जुन्या आंब्यावर मांडलेले होते. आंब्याच्या तीन-चार फांद्यांवर बांडगूळ माजले होते. काही झुबक्यांत नळीसारखी फुले, तर काहींत पिकू लागलेली फळे होती. कुळागराच्या मालकांची परवानगी घेतली, तेव्हा ते म्हणाले, "बसा की, पण हे बांडगूळ मी आता काढणार आहे. झाडाचा जीव खातंय ते." त्यांचे म्हणणे खरेच होते. बांडगुळाची हिरवी पाने स्वतःचे अन्न तयार करीत असली, तरी पाणी आणि क्षार ते आंब्याच्याच फांदीतून ओढून घेते.

मी चढावर, फांदीच्या जवळजवळ समोर येईल अशा जागी तिपाई लावली. खालून वर कॅमेरा रोखला की मागे पांढरे आभाळ येते आणि पक्षी काळा पडतो. शिंजिराच्या बाबतीत तर हे फार जपावे लागते, कारण त्याच्या गळ्याची झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडल्याने दिसते. कोन जरा चुकला की ती विझते. ४०० मिमीची लेन्स, १/२००० सेकंदाचा शटर आणि फोकस आधीच एका झुबक्यावर, एवढी तयारी करून थांबलो. पक्ष्यांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग मी लावत नाही. खाण्याच्या वेळी त्यांना खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावणे मला पटत नाही.

जांभळ्या पाठीचा शिंजीर आधी आला. तो फुलापुढे तरंगत राहिला नाही. देठाला धरून, उलटा लोंबकळून त्याने एकामागून एक नळ्यांत चोच घातली. चोच आत असताना डोळा फुलाआड जातो, म्हणून चोच बाहेर निघण्याच्या क्षणी बटण दाबावे लागते.

फुलटोच्या मात्र फळांसाठी आला. जेमतेम आठ सेंटीमीटरचा, करड्या-हिरवट रंगाचा, फिक्या आखूड चोचीचा हा पक्षी पानांत सहज हरवतो. त्याने एक फळ गिळले, मग आणखी एक, आणि काही मिनिटांतच आडव्या फांदीवर बसून अंग वळवत बूड सालीला घासू लागला. बांडगुळाच्या बीभोवती इतका चिकट गर असतो की शिटेबरोबर बाहेर आले तरी ते सहज खाली पडत नाही; ते फांदीलाच चिकटते आणि तिथेच रुजते. एरवी पिसे साफ करणाऱ्या पक्ष्याचा साधा फोटो म्हणून मी ही चौकट पुसून टाकली असती.

निघताना ती चौकट कुळागराच्या मालककाकांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवली. पक्ष्यापासून सालीपर्यंत ताणलेला चिकट धागा आणि त्याच्या टोकाला बी, हे त्यांनी मोठे करून दोनदा पाहिले. "म्हणजे लावणारा हाच," ते म्हणाले, आणि खालच्या दोन फांद्या तेवढ्या आता छाटून वरचा झुबका फळे संपेपर्यंत ठेवण्याचे त्यांनी कबूल केले.