गोल भोक, फाटकं भोक

डब्यात कापसात गुंडाळलेल्या ४० कुप्या होत्या आणि वर एक चिठ्ठी. ‘माशा सोडून सहा आठवडे झाले. ममी भरपूर दिसतात, मावा मात्र हटत नाही. सोडलेली जात बदलली आहे का, तेवढं बघून सांगा.’

चिठ्ठी वाचली आणि मला तीन आठवड्यांपूर्वीचा तो फोटो आठवला. याच व्यवस्थापकांनी पॉलिहाऊसमधून मोबाइलवर पाठवलेला. पानावर फुगलेल्या, भुऱ्या, टणक झालेल्या माव्यांची रांग. मी कुठल्याशा बैठकीत बसले होते. टेबलाखाली फोन धरून उत्तर दिलं होतं : ‘उत्तम! काम छान चाललंय. या कुंड्या आता दुसऱ्या पॉलिहाऊसमध्येही हलवा.’ उद्गारचिन्हासकट.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही ‘माशा’ म्हणतो, पण घरमाशीशी यांचं काही नातं नाही. या मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातल्या, चार पंखांच्या. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. ती खाणारी ॲफिडियस ही या माश्यांतलीच एक, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. मादी पोट पायांमधून पुढे वळवते, माव्याला क्षणभर टोचते आणि एक अंडं आत सोडते. अळी माव्याच्या आतच वाढते आणि त्याला आतूनच संपवते. मावा फुगतो, त्याची कातडी कागदासारखी कडक होते. हीच ममी. काही दिवसांनी पूर्ण वाढलेली माशी ममीला दार पाडून बाहेर येते. परजीवी म्हटलं की जंत, उवा, गोचीड डोळ्यांपुढे येतात. ते यजमानाला सहसा जिवंत ठेवतात, कारण तो गेला तर त्यांचंच घर मोडतं. या माश्यांच्या अळ्या मात्र यजमान संपवूनच मोठ्या होतात. म्हणूनच १९१३ मध्ये रॉयटर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी ‘पॅरासिटॉइड’ हा वेगळा शब्द काढला.

या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची होती आणि मावा आवरायला ‘बँकर प्लँट’ची पद्धत वापरली होती. कुंडीत गहू किंवा बार्ली पेरायची आणि तिच्यावर तृणधान्यांवरच जगणारा मावा वाढवायचा. हा मावा मिरचीकडे ढुंकूनही बघत नाही. पण ॲफिडियस कोलेमनाय त्याच्यावरही वाढते आणि मिरचीवरच्या माव्यावरही. थोडक्यात, मिरचीवर मावा यायच्या आधीच माश्यांची फौज जेवूनखाऊन तयार असते. कल्पना सुरेख आहे. फक्त या कुंड्यांमध्ये माश्यांची शिबंदी बारा महिने एकाच ठिकाणी असते, आणि हे आपल्याखेरीज इतरांनाही कळतं.

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली सहायक कुप्या उघडून मांडत होती. तिला मी आधी रिकाम्या ममी वेगळ्या काढायला सांगितल्या. खरं तर मला तिला कामाला लावून आतल्या माश्यांकडे वळायचं होतं. रिकाम्या टरफलात बघण्यासारखं काय असणार, असा माझा होरा. दहा मिनिटांनी तिने विचारलं, “मॅडम, ही दारं सगळी फाटल्यासारखी का दिसतात?”

“ममी वाळली की कडा तुटतात,” मी मान वर न करता म्हटलं.

“पण या चार-पाच ममींची भोकं एकदम गोल आहेत. त्याही वाळलेल्याच आहेत.”

मी उठले आणि तिच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला.

ॲफिडियस बाहेर येताना ममीला आतून गोल कापत जाते, कंपासने आखावं तसं. कित्येकदा कापलेली चकती बिजागरीवर लोंबावी तशी तिथेच चिकटून राहते. डिशमध्ये अशी भोकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीची सगळी वेडीवाकडी, कुरतडलेली, उंदराने पोत्याला पाडावीत तशी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी प्रशिक्षणात हीच चित्रं मी पडद्यावर दाखवते. टरफलं फेकून माश्यांकडे धावण्याची सवय मात्र मोडली नव्हती.

आता माश्या बघायच्या होत्या. अल्कोहोलमधल्या माश्या आम्ही ब्रशने डिशमध्ये पसरल्या आणि आधी चाळणी लावली ती पंखांची. आमच्या धंद्यात पंखातल्या शिरा म्हणजे सातबाराच. इकन्यूमोनिड आणि ब्रॅकोनिड या दोन मोठ्या कुळांमधला फरक बहुतेक वेळा पुढच्या पंखातल्या एका आडव्या शिरेवर ठरतो. ती असली तर पहिलं कूळ, नसली तर बहुधा दुसरं. ॲफिडियस ब्रॅकोनिडांतली. पंखाच्या पुढच्या कडेवर ठळक त्रिकोणी डाग, मोजक्या शिरा, धाग्यासारख्या लांब मिशा. अशा माश्या निघाल्या अकरा. डिशमध्ये एकूण होत्या दोनशेच्या वर.

उरलेल्यांचे सरळसरळ तीन गट पडले. पहिल्या गटातल्या एखाद मिलिमीटरच्या, काळ्या-तपकिरी, पॉलिश केलेल्या बियांसारख्या चकचकीत. पोट दोन्ही बाजूंनी दाबलेलं, पंखावर डाग नाहीच, फक्त शिरांची एक चिमुकली बंद खोली. ॲलोक्सिस्टा. दुसऱ्या निस्तेज काळ्या, कोपरात वाकलेल्या मिशांच्या. पंखावर मोठा अर्धगोल डाग आणि त्यातून निघालेली एकच बाकदार शीर. डेंड्रोसेरस. तिसऱ्यांवर दिव्याचा उजेड पडला की हिरवी झाक मारायची आणि पंखात शिरा म्हणाल तर पुढच्या कडेलगतची एक, तीही मध्येच जाडसर झालेली. पॅकिन्यूरॉन. माझ्या मदतनिसाला ही हिरवी फारच आवडली. आवडण्यासारखीच आहे, पण त्या दिवशी तिचं कौतुक करायला माझी जीभ वळेना.

या तिघी मावा खात नाहीत. मावा खाणाऱ्या माशीच्या अळीला खातात. शास्त्रात त्यांना हायपरपॅरासिटॉइड म्हणतात. आम्ही नुसतं ‘हायपर’. ती फाटकी भोकं यांचीच. तिघींमध्येही पुन्हा दोन तऱ्हा. डेंड्रोसेरस आणि पॅकिन्यूरॉन ममी तयार होण्याची वाट बघतात, मग कवचाला भोक पाडून आतल्या अळीच्या अंगावर अंडं चिकटवतात. ॲलोक्सिस्टा जास्त बेरकी. मावा चालता-फिरता असतानाच ती त्याच्या पोटातल्या अळीला हुडकते आणि त्या अळीच्या आत अंडं घालते. माव्याच्या आत अळी, अळीच्या आत दुसरी अळी. ममी होईपर्यंत ही आतली गप्प असते. त्यामुळे बाहेरून ममी हुबेहूब तशीच दिसते. माझ्या त्या फोटोतल्या ममी आत कोण आहे हे सांगूच शकत नव्हत्या. ही माझी सबब नाही. फोटोवरून सांगता येत नाही, हे सांगणं माझंच काम होतं.

दुपारी मी व्यवस्थापकांना फोन लावला.

“मॅडम, शेवटी माशीच ना ती? मावा तर मेलाच असणार.”

मावा मेला, हे त्यांचं बरोबर होतं. घोळ नेमका तिथेच होता. ममी दिसते, म्हणजे एक मावा गेला. पण तिच्यातून नवी ॲफिडियस बाहेर पडली तर ती पुढे शेकडो माव्यांना टोचणार. बाहेर हायपर पडली तर ती उरलेल्या ॲफिडियसच्या मागे लागणार. त्यामुळे काही आठवडे ममी भरपूर दिसत राहतात, आणि टोचणाऱ्या माश्या मात्र दिवसागणिक रोडावतात. त्यांच्या चिठ्ठीतलं ‘ममी भरपूर, मावा हटत नाही’ हे वाक्यच निदान होतं, आम्ही दोघांनीही ते वाचलं नव्हतं.

“पण नावात एवढं काय अडलंय, असं वाटत होतं,” ते म्हणाले.

मी त्यांना कसाव्हाच्या पिठ्या ढेकणाची, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या पिठूळ किडीची, गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात आफ्रिकेत या ढेकणाने कसाव्हाची, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो त्या पिकाची, दाणादाण उडवली. कीड मूळची दक्षिण अमेरिकेची, तेव्हा तिचा शत्रूही तिथेच सापडणार, हे उघड होतं. त्या खंडाच्या उत्तर भागात शोधाशोध झाली, तिथे तसाच दिसणारा ढेकूण आणि त्याच्या माश्या मिळाल्या. पण त्या माश्या आफ्रिकेतल्या ढेकणावर काही केल्या वाढेनात. ढेकूणच वेगळा निघाला. पुढे त्याचं नामकरण फेनाकॉकस हेरेनाय असं झालं. त्याच्यात नरही असतात, आफ्रिकेतल्या फेनाकॉकस मॅनिहोटायमध्ये नुसत्या माद्या. खरा ढेकूण १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडला आणि त्याच्यासोबत ॲनागायरस लोपेझाय ही चिमुकली माशी. त्याच वर्षी ती नायजेरियात सोडली गेली, मग आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात पसरली आणि कीड आटोक्यात आली. या मोहिमेसाठी हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ढेकणाची जात ओळखण्यात गफलत झाली तर सगळ्या खंडाची पायपीट चुकीच्या दिशेने होते.

“तिथे निदान चुकीच्या माश्या आपसूक मेल्या,” मी म्हटलं. “आपल्याकडच्या मजेत आहेत.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, “म्हणजे कुंड्या हलवल्या तेव्हा दुसऱ्या पॉलिहाऊसमध्येही त्या गेल्या?”

“हो. माझ्या सांगण्यावरून.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

उपाय सांगायला फार वेळ लागला नाही. दोन्हीकडच्या बँकर कुंड्या जागच्या जागी पिशवीत बांधून बाहेर काढायच्या, झटकायच्या नाहीत. काही आठवडे ॲफिडियसचा नाद सोडायचा आणि मावा खाणारे भक्षक आणायचे. लेडीबर्ड, क्रायसोपर्ला, ॲफिडोलेटिसच्या अळ्या. हायपरना त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. नवी ॲफिडियस आणताना ममी थेट पिकात न सोडता आधी बंद पेटीत फुटू द्यायच्या. हायपरना वाढायला ॲफिडियसपेक्षा जास्त दिवस लागतात, त्यामुळे सुरुवातीला बाहेर पडतील त्या ठेवायच्या आणि मागे रेंगाळणाऱ्या ममी अल्कोहोलमध्ये घालायच्या.

संध्याकाळी आम्ही दोघींनी न फुटलेल्या ममी एकेक करून जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरल्या. एका कॅप्सूलमध्ये एक ममी. मग कुठल्या टरफलातून कोण आलं याबद्दल वाद राहत नाही. कंटाळवाणं काम. हात चालू असताना तिने विचारलं, या माश्यांमध्ये ओळखायला सगळ्यात अवघड कोणत्या? मी ट्रायकोग्रामाचं नाव घेतलं. अर्ध्या मिलिमीटरच्या, किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या. वर्षानुवर्षं कुणी कुठल्याही जातीला कुठलंही नाव द्यायचं. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की नराच्या जननेंद्रियाची रचना बघितली तर जाती नीट वेगळ्या करता येतात. एवढ्याशा माशीचा तेवढासा अवयव स्लाइडवर सरळ बसवायचा. “आणि मी आज भोकाच्या कडेलाच अडकले,” ती म्हणाली. मी म्हटलं, तू अडकलीस म्हणून तर.

अहवाल मी रात्री लिहिला. ‘पूर्वी दिलेला सल्ला’ या रकान्यात आधी ‘छायाचित्रावरून प्राथमिक अभिप्राय’ असं गुळमुळीत लिहिलं होतं. ते खोडून ‘चुकीचा, माझा’ असं लिहिलं.

पुढच्या पंधरवड्यात कॅप्सूलमधून बहुतेक हायपरच निघाल्या. दुसऱ्या पॉलिहाऊसच्या कुप्या आल्या, त्यातही त्याच. फक्त ॲफिडियसचं प्रमाण तिथे बरं होतं, कारण कुंड्या उशिरा पोचल्या होत्या. आता ममीचा फोटो कुणीही पाठवला तरी माझं उत्तर ठरलेलं असतं : रिकाम्या ममींच्या भोकांचा जवळून फोटो पाठवा.

काल त्याच व्यवस्थापकांचा आला. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, हे गोल धरायचं की फाटकं?’ फोटो असा हलला होता की त्यात ममी आहे की अंगठा, तेही कळेना. कुपी पाठवा, म्हटलं.