यात रोमँटिक काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छापचित्रांवर बोलताना मी रोमँटिक चित्रकार (म्हणजे प्रेमाची नव्हे, तीव्र भावना आणि थरार रंगवणाऱ्या कलाचळवळीतला) थिओडोर जेरिको याचं 'ॲडेल्फी धक्क्याचं प्रवेशद्वार' हटकून दाखवते आणि कुणीतरी विचारतंच, यात रोमँटिक काय आहे? धिप्पाड पाठमोरे घोडे, त्यांचे गाडीवान, समोर काळोखी कमान. एवढंच तर आहे.

हे शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेलं चित्र, १८२१चं, लंडनमधलं. जेरिको फ्रेंच. एकवीस वर्षांचा असताना त्यानं नेपोलियनच्या गार्डमधला अधिकारी उधळत्या घोड्यावर रंगवला होता. लंडनला 'मेड्युसाचा तराफा' हे त्याचं भलंमोठं चित्र प्रदर्शनात होतं. तिथे असताना त्याची नजर ओझ्याच्या घोड्यांवर खिळली.

ॲडेल्फी म्हणजे ॲडम बंधूंनी थेम्सकाठी बांधलेली ऐटबाज घरं. नट डेव्हिड गॅरिक तिथेच राहायचा. घरांच्या खाली, धक्क्याच्या बाजूला, कमानींची भुयारं आणि वखारी. लंडनच्या शेकोट्यांचा कोळसा जहाजांनी नदीत यायचा आणि पुढे घोडेच तो शहरात ओढायचे. जेरिको वरच्या घरांकडे बघतच नाही. अधिकाऱ्याच्या घोड्याला दिला तोच मान तो या जनावरांना देतो. माझ्या मते रोमँटिक आहे ते हेच.

आणि हे दगडामुळे जमलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात बहुतेकदा मूळ चित्र एकाचं, कोरणारा हात दुसऱ्याचा. शिळाछापात चित्रकार स्वतःच मेण, साबण, चरबी आणि काजळीच्या कांडीनं चुनखडीच्या दगडावर उलटं चित्र काढतो. मग डिंक आणि आम्ल लावून दगड ओला करतात. ओला दगड शाई झिडकारतो, चरबीची रेघ ती धरते. (गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं तेही शिळाप्रेसवरच.) जेरिकोचं हे चित्र चार्ल्स हलमंडेलच्या छापखान्यात छापलं गेलं.

छापा जवळून बघायला मिळाला तर कमानीचा काळोख आधी बघा. तिथे कांडी दाबून दाबून फिरवली आहे. घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर उजेड पडलाय तिथे ती जेमतेम टेकली आहे, फक्त दगडाच्या दाण्यांच्या टोकांवर. मधला पांढरा म्हणजे कोरा कागद. कातडीचा तो मऊपणा कोरणीतून आला असता असं मला वाटत नाही.