सिव्हिलायझेशन ६: शहर कुठे वसवायचं आणि कसं राखायचं

सिव्हिलायझेशन ६ या पाळीपाळीनं खेळायच्या कॉम्प्युटर गेममध्ये शहर हातचं जातं तेव्हा दोष बहुतेक वेळा सैन्याचा नसतो. तीस-चाळीस टर्न (पाळ्या) आधी सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारं युनिट, नकाशाच्या ज्या टाइलवर (षटकोनी घरावर) बसवला, त्या टाइलचा असतो. म्हणून बचावाचा विचार सेटलर अजून फिरत असतानाच करायचा. खालचे आकडे गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारासह आणि स्टँडर्ड वेगाच्या खेळाचे आहेत.

आधी पाणी बघा. नदी, तळं किंवा ओअॅसिस लागून असेल तर सुरुवातीचं हाउसिंग (लोकवस्तीची मर्यादा) ५, नुसता समुद्रकिनारा असेल तर ३, काहीच नसेल तर २. दोनवर सुरू झालेलं शहर कित्येक टर्न रखडतं आणि रखडलेल्या शहराला स्वतःची तटबंदीही वेळेत बांधता येत नाही. पाण्यानंतर टेकडी. प्लेन्स हिल्सवर (मैदानी टेकडीवर) शहर बसवलं तर मधल्या टाइलला दर टर्नला २ फूड आणि २ प्रॉडक्शन (बांधकामाची क्षमता) मिळतं, सपाट जमिनीवर प्रॉडक्शन १ च. हा एकचा फरक वीस टर्नमध्ये २० प्रॉडक्शन होतो, म्हणजे ८० प्रॉडक्शनच्या एन्शंट वॉल्सचा (पहिल्या तटबंदीचा) पाव भाग. शिवाय टेकडीवरच्या शहराला बचावाच्या ताकदीत +३ मिळतात ते वेगळेच.

आता अंतर. दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल सोडाव्याच लागतात, म्हणजे शहरं एकमेकांपासून कमीत कमी चार टाइलवर येतात. तटबंदी असलेलं शहर दोन टाइलपर्यंत मारा करतं. चारच्या अंतरावर दोन्ही शहरांचा मारा मधल्या भागात एकत्र येतो, पाचच्या अंतरावर एकाही टाइलवर येत नाही. चारमध्येही एक बारकावा आहे. दुसरं शहर हेक्सच्या सरळ रेषेत असेल तर दोघांच्या टप्प्यात येणारी टाइल फक्त एक असते, तिरकं असेल तर दोन किंवा तीन मिळतात. सीमेवरची शहरं मी तरी तिरकीच आणि चारवरच बसवायला सांगेन, भले शेतीच्या काही टाइल सामायिक झाल्या तरी चालेल.

नदी शत्रूच्या बाजूला हवी. नदीपलीकडून मेली (जवळून भिडणारा) हल्ला झाला तर बचाव करणाऱ्याला ५ चा फायदा मिळतो. टेकडीचे ३ आणि दोन टर्न फोर्टिफाय होऊन (जागेवर मोर्चा बांधून) बसलेल्या युनिटचे ६ धरले तर १४ होतात. सारख्या ताकदीची दोन युनिटं भिडली तर प्रत्येकाच्या १०० पैकी साधारण ३०-३० नुकसान होतं, पण १४ चा फरक पडला की हल्ला करणारा सुमारे १७ चं नुकसान करतो आणि स्वतः ५२ च्या आसपास खातो. असा वॉरियर दुसरा हल्ला करून टिकत नाही. डीटी या सगळ्यात कठीण पातळीवर एआयला (कॉम्प्युटर खेळवतो त्या प्रतिस्पर्ध्यांना) लढाईत +४ मिळतात, ते इथे सहज फिटतात.

डोंगराबद्दल मात्र सावध राहा. डोंगर हल्ल्याच्या टाइल कमी करतो, हे खरं. पण वेढ्याच्या हिशोबात शहराभोवतीच्या फक्त चालता येण्याजोग्या टाइल धरतात. त्या सगळ्या शत्रूनं व्यापल्या किंवा त्याच्या झोन ऑफ कंट्रोलमध्ये (युनिटच्या लगतच्या, हालचाल अडवणाऱ्या टाइलमध्ये) आल्या की शहराचं दर टर्नला २० नं भरून येणं थांबतं. त्यामुळे पाच बाजूंनी डोंगर असलेलं शहर एका युनिटनंही वेढलं जातं. दोन किंवा तीन बाजूंना डोंगर आणि समोर नदी, ही रचना मला सगळ्यात भरवशाची वाटते.

तटबंदीत लोक हमखास चुकतात ते वेळेत. एन्शंट वॉल्स सोनं देऊन विकत घेता येत नाहीत. युद्ध पुकारलं गेल्यावर बांधायला घेतल्या आणि शहराचं प्रॉडक्शन ८ असेल तर दहा टर्न लागतात, तेवढा वेळ कुणी देत नाही. शेजाऱ्याची युनिटं सीमेकडे सरकताना दिसली की लगेच लाइम्स हे पॉलिसी कार्ड (सरकारचं धोरण) लावा. ते डिफेन्सिव्ह टॅक्टिक्स सिव्हिकनंतर (संस्कृतीतून मिळणाऱ्या शोधानंतर) मिळतं आणि तटबंदीचं प्रॉडक्शन दुप्पट करतं. बिल्डर हाताशी असेल तर शहराला लागून असलेलं जंगल त्याच वेळी तोडा. तोडीचं प्रॉडक्शन वॉल्समध्ये जातं आणि त्या जंगलात उभं राहून शत्रूला मिळणारे +३ ही जातात. व्हिक्टर हा गव्हर्नर (शहरावर नेमता येणारा अधिकारी) इतरांसारखे पाच नाही, तीनच टर्नमध्ये रुजू होतो, त्यामुळे शेवटच्या घडीलाही कामी येतो.

वॉल्स उभ्या राहिल्या की साध्या मेली युनिटचा मार भिंतीवर जेमतेम १५ टक्केच बसतो. बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचं यंत्र, दुसऱ्या युनिटच्या टाइलवरच चालतं) शहराला लागून आला की हा फायदा संपतो. म्हणून सगळा मारा रॅम ज्या टाइलवर आहे तिथल्या युनिटवर करायचा, बाजूचा अर्धमेला वॉरियर कितीही खुणावत असला तरी. कॅटापल्टला (दगड फेकणाऱ्या यंत्राला) आल्या टर्नला मारा करता येत नाही. तो एक टर्न तुमचा असतो, तेव्हा हॉर्समन (घोडेस्वार) बाहेर काढा. घोडदळाला झोन ऑफ कंट्रोल अडवत नाही.

आर्चर (धनुर्धारी) उघड्यावर ठेवू नका, त्याची मेली ताकद फक्त १५ आहे. शहराच्या आत ठेवला तर त्याला मार बसत नाही आणि शहराच्या माऱ्याबरोबर त्याचाही मारा चालतो. शहराच्या माऱ्याची ताकद तुमच्याकडच्या सगळ्यात बलवान रेंज (लांबून मारणाऱ्या) युनिटवरून ठरते, त्यामुळे एकच क्रॉसबोमन तयार केला तरी तटबंदी असलेली सगळी शहरं वधारतात.

एनकॅम्पमेंट (लष्करी छावणी) सीमेवरच्या एखाद्याच शहराला बांधा, कारण ती डिस्ट्रिक्टची (शहराच्या खास विभागाची) जागा खाते. शहराला चिकटून ती बांधता येत नाही, तेव्हा शत्रूच्या वाटेवर दोन टाइल पुढे ठेवा. मात्र तिचा मारा शहराला वॉल्स झाल्यावरच सुरू होतो. फुटलेल्या भिंती आपोआप भरत नाहीत. सलग तीन टर्न हल्ला झाला नाही तरच दुरुस्ती काढता येते, म्हणून शत्रू मागे हटला तरी त्याला दूरवर हुसकावून लावावंच लागतं.

समुद्राकाठी एक टाइल आत शहर बसवलं तर मेली जहाजांना ते घेता येत नाही. फ्रिगेट (लांबून मारणारी युद्धनौका) दोन टाइलपर्यंत मारतात, त्यांच्यापासून पूर्ण सुटका हवी असेल तर पाणी किमान तीन टाइल लांब असायला हवं.