बाळ माझ्यापाशी राहते

दसरा झाला की आमच्या गावात ऊसतोडीला जायची गडबड सुरू होते. बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका, बालाघाटाच्या डोंगराचा भाग. हलकी जमीन, पावसाच्या भरवशावरची बाजरी आणि कापूस. रानातलं काम उरकलं की हाताला काम नसतं. मग अर्धंअधिक गाव सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकात जातं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे, त्यामुळे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यातली गोष्ट. चौथीला भागाकार देऊन तिसरीला मराठीचा स्वाध्याय दिला. ‘वाक्यात उपयोग करा.’ फळ्यावर शब्द लिहिले: नदी, पाऊस, बाजार, गाव, शिवार. असले शब्द मुलं झपाझप उरकतात. मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाल्यावर वह्या तपासायला घेतल्या. नदीला पूर आला होता, बाजारात जिलबी मिळत होती. ‘गाव’ या शब्दाशी आले आणि वाचतच राहिले.

‘दिवाळी झाली की गाव मोकळे होते.’ ‘आमचे गाव पाडव्याला भरते.’ ‘गावात आजी आणि शेळी राहते.’ मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाबद्दल एकाने लिहिलं होतं, ‘मुकादम दुसऱ्या गावचा आहे.’ आणि एका मुलीच्या वहीत, वळणदार अक्षरात: ‘मी गावात राहणार नाही कारण बाळ माझ्यापाशी राहते.’

ही माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी. नवा धडा आला की बाकीची मुलं तिलाच वाचायला लावतात. हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं आणि तिच्या भावाचं, दोघांचंही नाव होतं. आईवडील उसाला गेलेल्या मुलांनी गावातच राहावं, शाळा सुटू नये, म्हणून ही सोय आहे. मुलं दोन वेळ जेवायला शाळेत येतात आणि झोपायला आजी-आजोबांकडे जातात. सर्वेक्षणाच्या वेळी तिच्या वडिलांनी ‘दोन्ही लेकरं इथंच ऱ्हातील’ असं सांगितलं होतं.

तिला जवळ बोलावलं. “तू जाणारेस का गं?”

“व्हय मॅडम. बाळाला धरायला कुनी नाही.”

“आणि दादा?”

“दादा ऱ्हानार हाय. त्याची पाचवी हाय ना.” तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. थोडं थांबून तिनं विचारलं, “मॅडम, पुस्तक जमा करावं लागंल का? मला संगं न्यायचंय.”

शाळा सुटल्यावर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना बरोबर घेऊन तिच्या घरी गेले. अंगणात पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, घडी घातलेली ताडपत्री असं सामान काढून ठेवलेलं. वडील दगडावर कोयत्याला धार लावत होते. बाळ मुलीच्या कडेवर होतं, आठ-नऊ महिन्यांचं, आणि ते सांभाळत ती एका हाताने कोंबड्या डालत होती. अशा घरी शाळेचं महत्त्व सांगायला जाऊन बसणं मला कधीच पटलेलं नाही. ते तिथं सगळ्यांना माहीत असतं. त्या आईनं स्वतःच सांगितलं, “मी चौथीत व्हते, मॅडम. भावाला धरायला नेलं, ते पुन्हा शाळंचं तोंड नाही पाह्यलं.”

खरी अडचण कोयत्याची होती. उसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, आणि पुढं हंगामभर तोडलेल्या टनावर ती फिटते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरायचं, ऊस तोडायचा, शेंड्याचे वाढे कापायचे, मोळ्या बांधायच्या आणि ट्रॅक्टर आला की त्याच मोळ्या डोक्यावर वाहून भरायच्या, मग रात्रीचे कितीही वाजोत. बाई बाळाला घेऊन कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, बसली तर टन कमी भरतात आणि उचल अंगावर राहते. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा जाणं आलंच. या घरानं पावसाळ्यातच उचल घेतली होती. नणंदेच्या लग्नाच्या कर्जात ती गेलीसुद्धा. तिसरीतली मुलगी शाळा सोडून जाणार हे त्याच दिवशी ठरून गेलं होतं, आणि आमचं सर्वेक्षण त्यानंतर झालं.

बाळाला गावी ठेवायचा विषय निघाला. अंगावर पिणारं बाळ, ते कसं राहणार? शिवाय आजीला मोतीबिंदू, चुलीपाशीही तिला चाचपडतच जावं लागतं. अंगणवाडीचा वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांचा. मी मुकादमाला फोन लावला. टोळीत आणखीही लहान बाळं होती. म्हटलं, एखाद्या वयस्कर बाईला बरोबर न्या, ती कोपीवर सगळी बाळं बघेल, म्हणजे तीन-चार मुली शाळेत राहतील. तो नीट बोलला, चिडला नाही. “मॅडम, तुमचं खरंय. पण त्या बाईची उचल कोन दील?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वडिलांनी कोयता बाजूला ठेवला, पण तेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिचं शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात दिलं आणि समजावलं, जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत हे दाखवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मधेसुद्धा प्रवेश द्यावाच लागतो, दाखल्यासाठी अडवता येत नाही. बैलगाडीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं. ते हंगामभर कारखान्याजवळ एका जागी राहतात, तिथली शाळा ठरलेली असते. ही ट्रॅक्टरची टोळी होती, एका शिवारातला ऊस संपला की कोप्या मोडून पुढं जाणारी. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या सरांनी फोनवर आपुलकीनं सगळं विचारून घेतलं, कोप्यांवर जाऊनही आले. ती काही दिवस बाळाला घेऊन त्यांच्या वर्गात बसली. मग टोळी हलली. पुढच्या मुक्कामी शाळा लांब होती.

पाडव्याला ती परत आली ते पुस्तक घेऊन. वाचन शाबूत होतं. कोपीत रोज संध्याकाळी बाळाला मोठ्यानं वाचून दाखवायची, असं तिची आई म्हणाली. गणित मात्र गेलं होतं. हातच्याच्या वजाबाकीपासून पुन्हा सुरुवात केली, ती उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू ठेवली.

यंदा ती चौथीत आहे. या वेळी मी आषाढातच, उचलीची बोलणी सुरू व्हायच्या आधी, घरोघर फिरले आणि माझ्या वहीत एक जादा रकाना आखला: बाळ कोण धरणार? तिच्या घरी आत्या टोळीबरोबर जायला तयार झाली आहे. आणखी दोन घरांनी आपापली बाळं तिच्याकडे ठेवायचं कबूल केलंय. तिच्या मजुरीत कोणी किती घालायचे, ते अजून ठरायचं आहे. त्यासाठी रविवारी मुकादम गावात येणार आहे, आणि मीही बसणार आहे.